जुन्या ब्रिटिश मालिका पाहायच्या आहेत? सुरुवात कुठून आणि कशी करावी

'फॉल्टी टॉवर्स', 'येस मिनिस्टर', 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स' ही नावं कधी ना कधी कानावरून गेलेली असतात. मग एखाद्या रविवारी यूट्यूबवर कसलीतरी धूसर प्रत सापडते. उच्चार डोक्यावरून जातात, मागे प्रेक्षक खदखदून हसत असतात, आपल्याला मात्र कशावर हसायचं तेच कळत नाही. पंधरा मिनिटांत प्रकरण आटोपतं, आणि 'इंग्रजांचा विनोद आपल्याला झेपत नाही' असा निकाल लागतो. खरं तर बहुतेक वेळा चुकीच्या मालिकेपासून सुरुवात झालेली असते, नाहीतर मधलाच भाग लावलेला असतो, नाहीतर सबटायटल बंद असतात. हे सगळं टाळता येतं.

हा लेख १९६० च्या दशकापासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या विनोदी मालिका आणि कौटुंबिक कथामालिकांपुरता आहे. तुकड्या-तुकड्यांचे स्केच कार्यक्रम हा वेगळा प्रांत, तो इथे घेतलेला नाही.

हाताशी काय हवं

- इंग्रजी सबटायटल असलेली प्रत. ही अट सोडू नका.
- प्रसारणाच्या तारखांसह भागांची पूर्ण यादी. विकिपीडियावरची पुरते.
- टीव्हीच्या रिमोटवर चित्राचा आकार बदलायची सोय कुठे आहे याची माहिती.
- डीव्हीडीवर पाहणार असाल तर सर्व रीजन (डीव्हीडीवर ठरवून दिलेले जगाचे विभाग) चालवणारा प्लेअर.
- कौटुंबिक मालिकेसाठी वही आणि पेन्सिल. पेन नको, कारण खोडावं लागतं.

## १. आधी आकडे समजून घ्या

आपल्याकडच्या रोजच्या मालिकेचे भाग हजारात जातात. ब्रिटिश विनोदी मालिकेचा एक सीझन बहुधा सहा किंवा सात भागांचा असतो. कारण साधं आहे: सगळे भाग एकच लेखक किंवा लेखकांची एकच जोडी लिहिते. 'फॉल्टी टॉवर्स'चे एकूण भाग फक्त १२, सहा १९७५ मध्ये आणि सहा १९७९ मध्ये. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ या दोघांनी ते लिहिले. उलट टोकाला 'लास्ट ऑफ द समर वाइन' आहे. ती १९७३ ते २०१० अशी चालली, भाग २९५, आणि सगळेच्या सगळे रॉय क्लार्क या एकट्या माणसाचे.

डीव्हीडीच्या खोक्यावर सीझनला 'सीरिज' म्हटलेलं असतं. 'सीरिज १ ते ३' असं लिहिलेलं दिसलं तर तीन वेगळ्या मालिका समजू नका.

बीबीसीवर जाहिराती नसल्यामुळे तिथला अर्ध्या तासाचा भाग खरोखर तिसेक मिनिटांचा असतो. आयटीव्ही ही जाहिरातींवर चालणारी वाहिनी, तिचा भाग पंचवीस मिनिटांच्या आसपास भरतो. कथामालिकांचे भाग साधारण ५० मिनिटांचे. म्हणजे 'फॉल्टी टॉवर्स' सहा तासांत संपते, २६ भागांच्या 'द फोर्साइट सागा'ला बावीसेक तास लागतात आणि ६८ भागांची 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स' सत्तावन तासांच्या घरात जाते. पहिल्याच फटक्यात सत्तावन तासांचा संकल्प करू नका.

## २. पहिली मालिका स्वभावाप्रमाणे निवडा

या विनोदाचा पाया एकच: माणूस कुठेतरी अडकलेला आहे आणि त्याला बाहेर पडता येत नाही. बॅसिल फॉल्टी हॉटेलात आणि संसारात अडकला आहे, 'पॉरिज'मधला फ्लेचर तुरुंगात, 'स्टेप्टो अँड सन'मधला हॅरोल्ड म्हाताऱ्या बापासोबत भंगाराच्या अंगणात. विनोदी कथानक म्हणजे सुटकेचा एक प्रयत्न, आणि अर्ध्या तासाने माणूस पुन्हा होता तिथेच. कुणाची कोंडी तुम्हाला ओळखीची वाटते, ते पाहून मालिका निवडा.

सरकारी कचेरी माहीत असेल तर 'येस मिनिस्टर'. नवा मंत्री जिम हॅकर, त्याचा खात्याचा सचिव सर हम्फ्री आणि दोघांच्या मध्ये सापडलेला खासगी सचिव बर्नार्ड. पॉल एडिंग्टन, नायजेल हॉथॉर्न आणि डेरेक फाउल्ड्स. ज्यांनी मंत्रालयात एखाद्या फाईलचा पाठपुरावा केला आहे त्यांना प्रस्तावना लागणारच नाही. ही पहिल्या भागापासून क्रमाने पाहा. हम्फ्रीचं लांबलचक वाक्य सुरू झालं की ते समजून घ्यायची धडपड करू नका. ते समजू नये म्हणूनच लिहिलेलं असतं. त्या वेळी हॅकरचा चेहरा पाहा. २००१ मध्ये स्टार प्लसवर आलेली 'जी मंत्रीजी' हा याच मालिकेचा हिंदी अवतार. त्यात फारुख शेख मंत्री होते आणि जयंत कृपलानी सचिव. ती पाहिली असेल तर अर्धं काम झालेलंच आहे.

धावपळ, आरडाओरडा, दारं आपटणं आवडत असेल तर 'फॉल्टी टॉवर्स'. पहिल्या भागाऐवजी चौथ्यापासून, म्हणजे 'द हॉटेल इन्स्पेक्टर्स'पासून सुरू केलं तरी काही बिघडत नाही, कारण प्रत्येक भाग स्वतंत्र आहे. सुरुवातीची दहा मिनिटं संथ वाटतील. तिथे पेरलेली प्रत्येक बारीक गोष्ट शेवटच्या दहा मिनिटांत उगवते, तेव्हा मध्ये फोन हातात घेऊ नका. सुरुवातीला दिसणाऱ्या हॉटेलच्या पाटीकडेही लक्ष ठेवा, तिच्यावरची अक्षरं भागागणिक इकडची तिकडे झालेली असतात.

घरात बसून सगळ्यांनी मिळून पाहायचं असेल तर 'कीपिंग अप अपिअरन्सेस' (१९९० ते १९९५). भाषा सोपी, विनोद बराचसा कृतीतून. हायसिंथ बकेट ही बाई स्वतःचं आडनाव 'बुके' असं उच्चारायला लावते, आणि तिच्या बहिणीचा नवरा ऑन्स्लो बनियन घालून बिअर पीत असतो. पॅट्रिशिया रूटलेजचं काम लाजवाब आहे. मात्र प्रत्येक भागाचा साचा तोच, त्यामुळे एका बैठकीत दोनपेक्षा जास्त भाग पाहिले की कंटाळा येतोच.

मध्यमवर्गीय संसार आवडत असेल तर 'द गुड लाइफ' (१९७५ ते १९७८). चाळिसाव्या वाढदिवशी टॉम नोकरी सोडतो आणि लंडनलगतच्या सर्बिटन उपनगरात, बंगल्याच्या मागच्या बागेत शेती करून, डुकरं पाळून जगायचं ठरवतो. शेजारी जेरी त्याच्याच कंपनीतला, आणि जेरीची बायको मार्गो शिष्टाचाराची मूर्ती. टॉमच्या बायकोचं काम करणारी फेलिसिटी केंडल भारतात वाढली. तिच्या आईवडिलांची फिरती नाटक कंपनी भारतभर शेक्सपिअरचे प्रयोग करायची, आणि तिची थोरली बहीण जेनिफर म्हणजे शशी कपूर यांच्या पत्नी. जुहूचं पृथ्वी थिएटर उभं करणाऱ्या त्या याच.

युद्धकाळ आवडत असेल तर 'डॅड्स आर्मी' (१९६८ ते १९७७, ८० भाग), दुसऱ्या महायुद्धात गावाच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या गावकऱ्यांच्या तुकडीची गोष्ट. हिचे पहिले दोन सीझन कृष्णधवल आहेत. नवख्याने तिसऱ्यापासून सुरू करावं, रंगही मिळतो आणि पात्रंही तोवर मुरलेली असतात.

सुरुवातीला काय टाळावं तेही सांगतो. 'ब्लॅकॅडर'चा पहिला सीझन टाळा. नायकाचा स्वभाव तिथे अजून घडायचा आहे, खरी मजा १९८६ च्या दुसऱ्या सीझनपासून. 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' ही ब्रिटनची बहुधा सर्वात लाडकी मालिका, पण दक्षिण लंडनच्या पेकमचा बाज आणि बाजारू बोली यांमुळे ती दुसरी किंवा तिसरी ठेवा.

## ३. भागांची यादी करा, नाताळचे विशेष भाग त्यात टाका

नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ब्रिटिश मालिकांचे नाताळचे विशेष भाग सीझनच्या बाहेर धरले जातात. ॲपवर ते वेगळ्या कप्प्यात असतात किंवा नसतातच. काही ठिकाणी ते गाळले तरी चालतं, काही ठिकाणी कथेचा सांधाच निखळतो.

'येस मिनिस्टर'चे तीन सीझन मिळून २१ भाग होतात. त्यानंतर १९८६ मध्ये 'येस, प्राइम मिनिस्टर' सुरू होते, १६ भागांची. या दोन्हींच्या मध्ये डिसेंबर १९८४ चा 'पार्टी गेम्स' हा तासाभराचा विशेष भाग आहे. हॅकर पंतप्रधान कसा होतो ते फक्त त्यातच कळतं. तो सुटला तर एका रात्रीत मंत्र्याचा पंतप्रधान झालेला दिसतो आणि आपण मागचे भाग धुंडाळत बसतो.

'ओन्ली फूल्स'मध्ये तर विशेष भाग म्हणजे कथेचा कणाच. नायक डेलच्या आयुष्यात येणारी रॅकेल पहिल्यांदा दिसते ती १९८८ च्या नाताळच्या 'डेट्स' या भागात. तो न पाहता सातव्या सीझनला पोहोचलात तर ही बाई कोण, असा प्रश्न पडेल. १९९६ च्या नाताळातला 'टाइम ऑन अवर हँड्स' दोन कोटी चाळीस लाखांहून जास्त लोकांनी पाहिला होता. तो शेवटी ठेवा, आधी पाहिलात तर त्याचा अर्धा परिणाम वाया जातो. याच मालिकेत चौथ्या सीझनमध्ये डेलचे आजोबा एकाएकी नाहीसे होतात, कारण ती भूमिका करणारे लेनर्ड पिअर्स चित्रीकरण सुरू असतानाच डिसेंबर १९८४ मध्ये वारले. लेखक जॉन सलिव्हन यांनी ते कथेत घेतलं आणि आजोबांचे अंत्यसंस्कार दाखवले. पुढे येणारा दाढीवाला अंकल अल्बर्ट हा आजोबांचा भाऊ.

यादी करताना प्रसारणाची तारीख प्रमाण माना, ॲपने दिलेला क्रमांक नाही. आणि वर्ष तपासल्याशिवाय 'प्ले' दाबू नका. एकाच नावाच्या जुन्या-नव्या मालिका शेजारी शेजारी दिसतात, बहुधा नवीच आधी:

- 'ऑल क्रीचर्स ग्रेट अँड स्मॉल': जुनी १९७८ ची, नवी २०२० ची.
- 'द फोर्साइट सागा': जुनी १९६७ ची, नवी २००२ ची.
- 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स': जुनी १९७१ ची, पुनरागमन २०१० चं.
- 'येस, प्राइम मिनिस्टर': जुनी १९८६ ची, नव्या नटांची २०१३ ची.
- 'डॅड्स आर्मी': मालिका १९६८ ची, त्याच नावाचा चित्रपट २०१६ चा.

## ४. सबटायटल लावा, वेग वाढवू नका

इंग्रजी वाचता-बोलता येतं, मग सबटायटल कशाला, असं वाटतं. पण आपण शिकलेलं इंग्रजी एक, यॉर्कशरच्या शेतकऱ्याचं दुसरं आणि पेकमच्या फेरीवाल्याचं तिसरंच. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी असलेली सबटायटल निवडा, त्यांत पडद्याबाहेरचे आवाजही लिहिलेले असतात. यूट्यूबची आपोआप तयार होणारी अक्षरं या उच्चारांपुढे हात टेकतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. बीबीसीच्या डीव्हीडींवर सबटायटल बहुधा असतात. आयटीव्हीच्या जुन्या मालिकांच्या अनेक डीव्हीडींवर ती नसतात. विकत घेण्यापूर्वी खोक्याची मागची बाजू वाचा.

नावांचे उच्चारही फसवतात. 'डॅड्स आर्मी'तल्या कॅप्टनचं आडनाव लिहिताना 'मेनवेअरिंग'सारखं दिसतं, म्हणायचं 'मॅनरिंग'.

वेळ वाचवायला सव्वापट वेगाने पाहण्याची सवय असेल तर ती इथे सोडा. या मालिका स्टुडिओत, समोर प्रेक्षक बसवून चित्रित झाल्या. हशा ओसरेपर्यंत नट थांबतात आणि त्या थांबण्यातच अभिनय असतो. 'डॅड्स आर्मी'त कॅप्टनचं काम करणारे आर्थर लो नुसते गप्प राहून, चष्म्यातून बघून जे करतात ते वेग वाढवला की दिसेनासं होतं.

## ५. चित्र विचित्र दिसलं तर प्रत खराब आहे असं समजू नका

माणसं बुटकी आणि जाड दिसतात. मूळ चित्र ४:३ आकाराचं आहे आणि तुमचा टीव्ही ते रुंद पडद्यावर ताणतो आहे. सेटिंगमध्ये 'ओरिजिनल' किंवा '४:३' निवडा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या म्हणजे जमलं. 'झूम' करू नका, डोकी आणि पाय कापले जातात.

घरातून अंगणात येताच चित्राचा पोत बदलतो. घरातले प्रसंग स्टुडिओत व्हिडिओ टेपवर आणि बाहेरचे १६ मिलिमीटर फिल्मवर घ्यायची तेव्हाची पद्धत होती. आतलं चित्र गुळगुळीत, बाहेरचं दाणेदार आणि जरा मळकट. दोन-तीन भागांनंतर डोळ्यांना सवय होते.

रंगीत मालिका मध्येच कृष्णधवल होते. 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स'च्या पहिल्या सीझनमध्ये हे हमखास दिसतं. नोव्हेंबर १९७० ते फेब्रुवारी १९७१ या काळात आयटीव्हीच्या तंत्रज्ञांनी जास्त मोबदल्यासाठी रंगीत उपकरणं वापरायला नकार दिला होता. त्यामुळे सुरुवातीचे सहा भाग कृष्णधवल झाले. नंतर पहिला भाग तेवढा रंगीत चित्रित केला. म्हणजे पहिला रंगीत, पुढचे काही कृष्णधवल, मग पुन्हा रंग.

यादीतला भाग कुठेच सापडत नाही. तो खरोखरच अस्तित्वात नसण्याची शक्यता आहे. टेप महाग होत्या आणि पुनःप्रसारणाचे हक्क मर्यादित, म्हणून १९६० आणि ७० च्या दशकांत जुने कार्यक्रम पुसून त्याच टेप पुन्हा वापरल्या जात. 'डॅड्स आर्मी'च्या दुसऱ्या सीझनचे तीन भाग असेच गेले. त्यांतल्या एकाचा आवाज सापडला आणि त्यावर २०१६ मध्ये ॲनिमेशन केलं गेलं. २०१९ मध्ये तिन्ही भाग नव्या नटांना घेऊन पुन्हा चित्रित झाले. 'टिल डेथ अस डू पार्ट'चं नुकसान याहून मोठं आहे, तिचे सुरुवातीच्या काळातले पुष्कळ भाग कायमचे गेले.

## ६. चार सामाजिक खुणा, ज्यांच्याशिवाय विनोद कळत नाही

शाळा. ब्रिटनमध्ये 'पब्लिक स्कूल' म्हणजे महागडी खासगी शाळा. ग्रामर स्कूल म्हणजे परीक्षा देऊन मिळवायची सरकारी शाळा. 'डॅड्स आर्मी'त कॅप्टन मॅनरिंग, एरवी बँकेचा मॅनेजर, ग्रामर स्कूलमधून कष्टाने वर आलेला, आणि त्याच्या हाताखालचा विल्सन पब्लिक स्कूलचा, खानदानी, आळसावलेला. हुद्द्याने वरचा माणूस जन्माने खालचा आहे आणि ते त्याला पदोपदी टोचतं. ८० भाग या एका ठसठशीवर चालतात. 'येस मिनिस्टर'मध्येही हम्फ्री ऑक्सफर्डचा, हॅकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा, आणि हम्फ्री ते त्याला विसरू देत नाही.

पैसे. १५ फेब्रुवारी १९७१ पूर्वी एका पौंडाचे २० शिलिंग आणि एका शिलिंगचे १२ पेन्स होते. गिनी म्हणजे २१ शिलिंग. 'बॉब' म्हणजे शिलिंग, 'क्विड' म्हणजे पौंड. घरात कुणाला रुपये-आणे-पैचा हिशेब आठवत असेल तर त्यांना हे चटकन उमगेल.

जेवण. उत्तर इंग्लंडमध्ये आणि कामगार घरांत 'डिनर' दुपारी असतं आणि 'टी' म्हणजे संध्याकाळचं जेवण. एखाद्याला 'टी'ला बोलावल्यावर ताटभर अन्न येतं, ते यामुळे. कोण काय म्हणतं यावरून त्याचं घराणं ओळखलं जातं, आणि मार्गो किंवा हायसिंथसारख्या बायका त्यावरच जगतात.

दरवाजे. मोठ्या घराला दोन दारं: मालक-पाहुण्यांचं पुढचं, आणि तळघरात उतरणाऱ्या पायऱ्यांचं नोकरांचं. 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स'च्या पहिल्याच प्रसंगात नोकरीसाठी आलेली सारा पुढच्या दाराची घंटा वाजवते आणि तिला खालच्या दाराने यायला सांगितलं जातं. संबंध मालिका त्या दोन दारांमधल्या अंतराची आहे.

## ७. आता कौटुंबिक मालिकांकडे वळा

दोन-तीन विनोदी मालिका झाल्या की कान तयार होतात. मगच इकडे या.

आधी 'ऑल क्रीचर्स ग्रेट अँड स्मॉल'. यॉर्कशर डेल्समधल्या गुरांच्या डॉक्टरांची ही गोष्ट, काळ १९३० च्या दशकाच्या अखेरीपासूनचा. प्रत्येक भागात दोन-तीन छोट्या कथा, त्यामुळे मध्ये महिनाभर खंड पडला तरी चालतो. एक सूचना: १९८८ पासूनच्या भागांत डॉक्टरची बायको हेलन हिचं काम करणारी नटी बदलली आहे. कॅरल ड्रिंकवॉटरच्या जागी लिंडा बेलिंगहॅम येते, पात्र तेच.

मग 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स'. लंडनच्या बेल्ग्रेव्हिया भागातलं १६५, ईटन प्लेस हे घर, १९०३ ते १९३० हा काळ. वर बेलॅमी कुटुंब, खाली नोकरमंडळी. वहीच्या एका पानाचे आडवे दोन भाग करा. खालच्या भागात उतरंड लिहा: बटलर हडसन, स्वयंपाकीण मिसेस ब्रिजेस, मग रोझ, मग फूटमन आणि सर्वात शेवटी स्वयंपाकघरातली पोर. नोकरांतही कुणी कुणाच्या आधी ताटावर बसायचं हे ठरलेलं असतं आणि भांडणं तिथूनच पेटतात. पहिला सीझन विस्कळीत आहे, धीर धरा. माझ्या मते चौथा सीझन, पहिल्या महायुद्धाचा, सर्वोत्तम. पण थेट तिथे उडी मारली तर माणसं ओळखीची नसल्याने काळजाला भिडत नाही.

'द फोर्साइट सागा' सर्वात शेवटी. जॉन गॉल्सवर्दीच्या कादंबऱ्यांवरून बीबीसीने १९६७ मध्ये केलेली ही २६ भागांची कृष्णधवल मालिका. रविवारी संध्याकाळी तिचं पुनःप्रसारण होऊ लागलं तेव्हा चर्चनी प्रार्थनेच्या वेळा बदलल्याचं सांगतात. पहिल्या दोन भागांत काका-आत्यांची फौज एकदम समोर येते आणि बहुतेक जण इथेच गळतात. म्हणून वंशवृक्ष काढा. संवादांत सगळे नुसते 'कझिन' आणि 'अंकल' असतात. तुमच्या वहीत मात्र चुलत, आत्ते, मामे असं नेमकं नातं लिहा. सोम्स आणि तरुण जोलियन हे चुलतभाऊ आहेत एवढं पक्कं बसलं की वैराची मांडणी आपोआप लागते. तयार वंशवृक्ष इंटरनेटवरून उतरवू नका. कोण कुणाशी लग्न करणार हे त्यात छापलेलं असतं आणि कथेचा जीव त्यातच आहे.

भारताशी नातं सांगणारी मालिका हवी असेल तर १९८४ ची 'द ज्युएल इन द क्राउन', १४ भाग. पॉल स्कॉट यांच्या चार कादंबऱ्यांवर आधारलेली. कथा सुरू होते १९४२ मध्ये, 'छोडो भारत'च्या धामधुमीत, मायापूर या काल्पनिक गावात. चित्रीकरणाचा मोठा भाग भारतात झाला. ही रोज एक भाग या गतीने पाहावी. कथा मागे-पुढे जाते आणि खंड पडला की धागा सुटतो.

## ८. खटकणारे भाग येतील, आधी माहीत असू द्या

मुलांना किंवा वडीलधाऱ्यांना घेऊन बसणार असाल तर हे वाचूनच बसा.

'फॉल्टी टॉवर्स'च्या 'द जर्मन्स' या भागात म्हातारा मेजर वेस्ट इंडियन आणि भारतीय क्रिकेटपटूंविषयी उघड वंशद्वेषी शब्द वापरतो. म्हणून काही प्रतींत तो संवाद कापलेला आहे. २०२० मध्ये एका ब्रिटिश सेवेने हा भाग काही दिवस काढून टाकला होता, नंतर सूचनेसह परत आणला. तुमच्या प्रतीत मेजरचा प्रसंग अचानक संपल्यासारखा वाटला तर कारण हेच.

'माइंड युअर लँग्वेज' (१९७७ ते १९७९) आपल्याकडे अनेकांना ठाऊक आहे. दूरदर्शनवरची 'जबान संभाल के' तिच्यावरूनच बेतलेली होती. लंडनच्या इंग्रजी वर्गात पंजाबी, पाकिस्तानी, चिनी, इटालियन विद्यार्थी आणि प्रत्येकावर त्याच्या देशाचा ठरीव शिक्का. हसू येतं, पण तीन-चार भागांनंतर तोच शिक्का पुन्हा पुन्हा बसतो.

'इट एन्ट हाफ हॉट मम'चं (१९७४ ते १९८१) प्रकरण जास्त गुंतागुंतीचं, आणि आपल्या जवळचं. तिचे सुरुवातीचे सीझन नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी तळावर घडतात. सैनिकांसाठी नाच-गाण्याचे कार्यक्रम करणारी एक तोफखाना तुकडी, दुसऱ्या महायुद्धाचे शेवटचे दिवस. लेखक जिमी पेरी स्वतः देवळालीत अशाच मंडळीत होते. चित्रीकरण मात्र इंग्लंडमध्ये झालं, त्यामुळे ओळखीचं देवळाली शोधत बसू नका. रंगी राम या भारतीय बेअररचं काम मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने चेहरा रंगवून केलं आहे. बेट्स यांचा जन्म झाशीचा आणि त्यांना हिंदुस्थानी येत होती, हे खरं, तरी आज ते पाहणं अवघड जातं. बीबीसी ही मालिका पुन्हा दाखवत नाही. पाहायचीच तर डीव्हीडी, आणि घरातल्या लहानांशी आधी बोलून.

## ९. प्रती कुठे मिळतात

भारतात: ॲपवरचे हक्क सतत बदलतात. जस्टवॉच या संकेतस्थळावर देश 'भारत' निवडून मालिकेचं इंग्रजी नाव टाका, त्या आठवड्यात ती कुठे आहे ते कळेल. बीबीसीच्या अधिकृत यूट्यूब वाहिन्यांवर विनोदी मालिकांचे निवडक प्रसंग असतात. मालिका आपल्याला रुचेल का हे पाहायला तेवढे पुरतात, पण मोठा हशा असलेले प्रसंगच त्यात असतात, तेव्हा बेतानेच पाहा. ब्रिटनहून डीव्हीडी मागवली तर ती रीजन २ ची असते, भारताचा रीजन ५. पाल ही टीव्ही-चित्राची पद्धत दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे सर्व रीजनचा प्लेअर असला की काम झालं. ब्लू-रेचा हिशेब वेगळा: ब्रिटन 'बी', भारत 'सी'.

ब्रिटनमध्ये: बीबीसी आयप्लेअरवर पुष्कळ काही आहे, पण त्यासाठी टीव्ही लायसन्स, म्हणजे पैसे भरून घ्यायचा टीव्हीचा परवाना, लागतं. विद्यार्थी वसतिगृहाच्या खोलीत लॅपटॉपवर पाहत असाल तरी बहुधा लागतं, दंडाची पत्रं येतात. आयटीव्हीच्या मालिका आयटीव्हीएक्सवर शोधा. ड्रामा आणि गोल्ड या वाहिन्यांवर जुन्या मालिका रोज चालू असतात, मात्र जाहिरातींना जागा करायला किंवा सूचनांनुसार काही ठिकाणी काटछाट झालेली असते.

अमेरिका आणि कॅनडात: ब्रिटबॉक्स ही सेवा यासाठीच आहे. ब्रिटनची डीव्हीडी तिथे नेली तर रीजनबरोबर पाल-एनटीएससीची अडचणही येते, कारण तिथली चित्राची पद्धत एनटीएससी. पाल चालवू शकणारा प्लेअर आहे ना, हे आधी पाहा.

जुन्या डीव्हीडींसाठी ब्रिटनमधली चॅरिटी शॉप्स, म्हणजे दानात आलेल्या जुन्या वस्तू विकणारी दुकानं, उत्तम. पूर्ण संच एक-दोन पौंडांतही मिळून जातो. आयटीव्हीच्या जुन्या मालिका काढणारी नेटवर्क ही कंपनी २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा तिचे संच दिसले तर पुढच्या वेळेवर ढकलू नका. पैसे देण्यापूर्वी खोकं उघडा, तबकड्या मोजा, प्रत्येकीवरचा क्रमांक वाचा. शेवटची तबकडी, म्हणजे बहुधा विशेष भागांचीच, हरवलेली असण्याचा संभव सर्वात जास्त.